कुत्र्याची जहागीर

जव्हारचें संस्थान एका बैलाच्या कातड्यावर उभें राहिलें, अशी आमच्या भागांत जुनी कथा आहे. ठाणें जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटिअरांतही ती नमूद झालेली आहे. मुकणे घराण्याचा मूळपुरुष जयाबा. थळघाटाजवळच्या मुकणे गांवीं त्याची लहानशी मातीची गढी होती. तो सुरत-काठेवाडपर्यंत जाऊन सात वर्षांनीं परतला आणि जव्हारच्या वारली नाईकाला म्हणाला कीं, एका बैलाच्या कातड्यांत मावेल एवढीच जमीन मला द्या. नाईकानें होकार दिला. जयाबानें त्या कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, टोंकाला टोंक जोडलें, आणि त्या वादीनें नाईकाचें ठाणेंच वेढून घेतलें. नाईकाची समजूत गंभीरगड व त्याच्या आसपासचा मुलूख देऊन घालण्यांत आली. जयाबाचा मुलगा नेमशाह यास १३४३ सालीं दिल्लीच्या बादशहानें राजा म्हणून मान्यता दिली, आणि १९४८ सालीं मुंबई इलाख्यांत विलीन होईपर्यंत हें राज्य मुकण्यांच्याच घरांत राहिलें. अशीच गोष्ट कार्थेज नगर वसविणाऱ्या डायडो राणीविषयींही सांगतात. तेव्हां ती इतिहास म्हणून घ्यावी असा माझा आग्रह नाहीं. मला तींत एवढेंच दिसतें कीं, राजाला राज्य मिळालें, नाईकाला गड मिळाला. बैलाला काय मिळालें याची चौकशी मात्र कोणी केली नाहीं.

जनावराच्या जिवावर जें धन मिळतें त्यांत जनावराचा वांटा कोणता, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्यासाठीं मीं बैल न घेतां कुत्रें घेतलें आहे, आणि तेंही शर्यतीचें कुत्रें. कारण या प्रश्नाचा हिशेब जितका उघडा त्याच्या बाबतींत दिसतो तितका दुसऱ्या कोणत्याही जनावराच्या बाबतींत दिसत नाहीं.

इंग्रज ज्याला ग्रेहाउंड म्हणतात तो लांब तोंडाचा, खोल छातीचा, बारीक कमरेचा आणि नाकापेक्षां नजरेवर शिकार करणारा कुत्रा आपणांस अगदींच परका नाहीं. मराठी मुलखांतला कारवानी कुत्रा त्याच धाटणीचा. व्यापारी तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानाबरोबर, तो इकडे आला म्हणून त्यास हें नांव पडलें असें मानतात. मुधोळच्या घोरपडे राजांनीं हीं कुत्रीं हौसेनें जोपासलीं, आणि मालोजीराव घोरपडे यांनीं त्यांची एक जोडी बादशहा पांचवे जॉर्ज यांस नजर केली. त्यामुळें बाहेरच्या जगांत हीं कुत्रीं मुधोळच्या नांवानें ओळखलीं जाऊं लागलीं. मुधोळ आतां कर्नाटकांत, बागलकोट जिल्ह्यांत आहे. २००५ सालीं भारतीय टपाल खात्यानें देशी कुत्र्यांचीं तिकिटें काढलीं, त्यांतही या मुधोळच्या कुत्र्याला जागा मिळाली. शिकारीसाठीं त्याला पाळीत, आणि शिकारींतला वांटा त्याला तेथल्या तेथें मिळे.

शर्यतीनें हा व्यवहार बदलला. इ.स. १८७६ मध्यें लंडनजवळ हेंडन येथें जिवंत सशाऐवजीं यांत्रिक ससा रुळावरून ओढून पाहण्यांत आला. तो प्रयोग रुजला नाहीं. पुढें अमेरिकेंत ओवेन पॅट्रिक स्मिथ या गृहस्थानें १९१९ च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील एमेरीव्हिल येथें विजेचा ससा धांवविला, आणि २४ जुलै १९२६ रोजीं मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर ही टूम इंग्लंडांत अवतरली. गिरणीकामगारांना घोड्यांच्या शर्यतीला जाण्यास सवड नसे. येथें दिवसाचें काम आटोपून संध्याकाळीं येतां येई आणि चार पैसे लावतां येत. तीन वर्षांच्या आंत मिक द मिलर नांवाचा आयरिश कुत्रा इतका प्रसिद्ध झाला कीं, एखाद्या नटाला तसें भाग्य क्वचित् लाभावें. १९२९ आणि १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यानें इंग्लंडची डर्बी जिंकली. एका धर्मोपदेशकानें पाळलेला हा कुत्रा ८०० गिनींस विकला गेला. १९३९ सालीं तो वारला तेव्हां पेंढा भरून त्याला संग्रहालयांत ठेवण्यांत आलें. आजही तो ट्रिंग येथील संग्रहालयांत उभा आहे.

परंतु मिक द मिलर हजारांतला एक. शर्यतीचें कुत्रें सुमारें पंधरा महिन्यांचें झालें कीं धांवूं लागतें, आणि चार-पांच वर्षांचें होतें न होतें तों त्याची कारकीर्द आटोपते. आयुष्य मात्र बारा-चवदा वर्षांचें. म्हणजे कमाईचीं वर्षें तीन आणि नुसतें खाण्याचीं आठ. हा हिशेब कोणत्याही मालकाला कळण्यासारखा आहे, आणि त्याचा निकाल कित्येकांनीं कसा लावला तें २००६ सालीं उघडकीस आलें. इंग्लंडच्या डरहॅम परगण्यांत सीहॅम येथें एक इसम निवृत्त कुत्रीं दर नगास १० पौंड घेऊन मारीत असे व आपल्याच जमिनींत पुरीत असे. पंधरा वर्षांत अशीं दहा हजारांवर कुत्रीं गेलीं असावीं, असें ‘संडे टाइम्स’ पत्रानें प्रसिद्ध केलें. ज्या कुत्र्यावर एका संध्याकाळीं लोकांनीं शेंकडों पौंड लावले, त्याची अखेर दहा पौंडांत झाली.

दहा पौंडांचा हा आंकडा ऐकला म्हणजे मला मुंबईच्या इतिहासांतले आठ आणे आठवतात. पण मुंबईस जाण्यापूर्वीं आपण आणखी शंभर वर्षें मागें, साताऱ्यास जाऊं.

छत्रपति शाहूमहाराजांना शिकारीचा आणि कुत्र्यांचा मोठा नाद होता. १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनें त्यांच्या एका लाडक्या कुत्र्याची हकीकत दिली आहे. वाघाच्या शिकारीच्या वेळीं या कुत्र्यानें महाराजांचे प्राण वांचविले. महाराजांनीं पुढें एकदां त्याला जरीचीं वस्त्रें आणि जवाहीर घालून दरबारांत आणलें, स्वतःची पगडी त्याच्या मस्तकावर ठेवली. इतकेंच नव्हे, तर त्याला रीतसर सनदा करून जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. डफ पुढें सांगतो कीं, महाराजांच्या या इच्छेप्रमाणें सर्व कांहीं झालें आणि पालखीचा सरंजाम चालू ठेवण्यांत आला. साताऱ्याजवळ संगम माहुली येथें कृष्णा-वेण्णेच्या संगमावर या कुत्र्याची समाधि दाखवितात. खंड्या हें त्याचें नांव तिकडील लोकांच्या तोंडीं आहे.

डफसाहेबांनीं ही गोष्ट महाराजांच्या बुद्धिभ्रंशाचा पुरावा म्हणून सांगितली आहे. मला मात्र ती पूर्णपणें तशी वाटत नाहीं. मराठी राज्यांत जहागीर कशाबद्दल मिळे? राजाच्या कामीं जीव धोक्यांत घातल्याबद्दल. रणांत धन्याच्या अंगावरचा वार झेलणाऱ्या शिलेदाराला गांव मिळालें असतें तर कोणी हंसलें नसतें. शाहूमहाराजांनीं कुत्र्याला माणसाचा नियम लावला एवढेंच. चूक शोधायचीच तर ती दुसरीकडे आहे. जहागीर म्हणजे कोणत्या तरी गांवचा वसूल. तेव्हां महाराजांच्या प्राणांचें ऋण महाराजांच्या खासगींतून न फिटतां कुणा कुणब्याच्या साऱ्यांतून फिटलें. शिवाय तें एका कुत्र्यापुरतें आणि एका राजाच्या मर्जीपुरतें होतें. त्याच शिकारखान्यांतल्या ज्या कुत्र्यांना वाघाशीं झुंजण्याचा प्रसंग आला नाहीं, त्यांच्या म्हातारपणाची सनद कोणी लिहिल्याचें डफ सांगत नाहीं.

आतां आठ आणे. कंपनी सरकारच्या अमलांत मुंबईंत बेवारशी कुत्रीं उन्हाळ्याच्या ठराविक मुदतींत मारण्याचा १८१३ सालचा नियम होता. १८३२ सालीं ही मुदत वाढविण्यांत आली. दर कुत्र्यामागें आठ आणे इनाम होतें. त्या काळीं आठ आणे म्हणजे गरिबाला थोडी रक्कम नव्हे. तेव्हां मारेकरी बेवारशी आणि पाळीव हा भेद विसरले, आणि लोकांच्या दारांतलीं, क्वचित् घरांतलींही कुत्रीं ओढून नेऊं लागले. पारशी लोकांच्या धर्मांत कुत्र्याला मोठें स्थान आहे. मृताच्या देहावर कुत्र्याची नजर पडणें हा त्यांच्या अंत्यविधीचाच भाग आहे. ६ जून १८३२ रोजीं कोटांत पारशी मंडळी खवळून उठली. जैन आणि हिंदु व्यापारी त्यांना मिळाले. दुकानें बंद झालीं, आणि दंगा मोडण्यास अखेर लष्कर आणावें लागलें. मुंबईच्या इतिहासांतला हा एक आरंभीचा मोठा दंगा कुत्र्यांसाठीं झाला ही गोष्ट, दर पावसाळ्यापूर्वीं मोकाट कुत्र्यांवर वाद करणाऱ्या आजच्या मुंबईकरांस बहुधा ठाऊक नसते.

दंगा शमल्यावर जें झालें तें अधिक महत्त्वाचें आहे. जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद या दोघां सावकारांनीं पुढाकार घेऊन १८ ऑक्टोबर १८३४ रोजीं मुंबईची पांजरपोळ स्थापन केली. भुलेश्वराजवळ तिच्या नांवाची गल्ली आजही आहे. जमशेटजी पारशी, मोतीचंद जैन. दोघांचीही संपत्ति समुद्रावरच्या व्यापारांतली, आणि जमशेटजींच्या चीनकडील व्यापारांत कापसाबरोबर अफूही होती हें लपवून ठेवण्याचें कारण नाहीं. त्यांनीं मोठ्या देणग्या दिल्या. परंतु पांजरपोळ टिकली ती नुसत्या देणग्यांवर नव्हे. व्यापाऱ्यांनीं एकत्र येऊन आपल्या मालावर एक लहानसा ठराविक लाग बसवून घेतला. माल विकला गेला कीं लाग निघाला. त्यासाठीं कोणाच्या मनांत दया उत्पन्न होण्याची वाट पाहावी लागत नसे. शाहूमहाराजांची सनद थोर मनाची होती, पण ती एका मनावर अवलंबून होती. हा लाग रुक्ष होता, वहींतल्या एका ओळीएवढा होता. आणि ती पांजरपोळ आज सुमारें दोन शतकें चालली आहे.

शर्यतीच्या कुत्र्यांच्या बाबतींत पाश्चात्य देशांना हीच युक्ति फार उशिरां सुचली. बेल व्ह्यूच्या पहिल्या शर्यतीनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनीं, १९७५ सालीं, इंग्लंडांतल्या शर्यतीच्या नियामक मंडळानें निवृत्त कुत्र्यांना घरें मिळवून देणारा न्यास काढला. आयर्लंडांत असा न्यास १९९७ सालीं निघाला, आणि तेथें जी रीत पडली ती मला सर्वांत बोलकी वाटते: कुत्र्यानें जिंकलेल्या बक्षिसांतून शेंकडा २ मालकाच्या हातीं पडण्यापूर्वींच या न्यासाकडे जावेत, आणि तितकीच भर शर्यत मंडळानें घालावी. अमेरिकेंतल्या फ्लॉरिडा संस्थानांत तर याहून मौजेचा कायदा होता. पैज जिंकूनही जीं तिकिटें कोणी वठवावयास आणीत नाहींत, त्यांच्या बेवारशी पैशांतला कांहीं भाग कुत्र्यांना घरें शोधणाऱ्या संस्थांकडे वळविण्याची त्यांत तरतूद होती. बेवारशी पैसा बेवारशी कुत्र्याकडे! शिवाय मैदानावरच एक खोपटें मांडून, निवृत्त कुत्रें घरीं नेण्याची माहिती प्रेक्षकांस देणें मालकांवर बंधनकारक होतें. कांहीं हौशी मालक आपल्या एखाद्या कुत्र्याचीं सगळींच बक्षिसें अशा संस्थेच्या नांवें लिहून देतात.

या देणग्यांवर आक्षेप नाहींत असें नाहीं. कांहीं संस्था शर्यतीचा पैसा शिवतही नाहींत. ज्या धंद्यानें कुत्रीं जन्माला घालून टाकून दिलीं त्याचेच दोन पैसे घेऊन त्याला पावन करावयाचें कशाला, असें त्यांचें म्हणणें. मला या म्हणण्यांत तथ्य दिसतें, पण कुत्रें त्याला अन्न कोणत्या पैशाचें आहे तें विचारीत नाहीं. माझा आक्षेप निराळा आहे. बक्षिसांतला वांटा हा जिंकणाऱ्यांकडून येतो, आणि गरज असते हरणाऱ्यांना. जिंकलेल्या कुत्र्याला वंशासाठीं तरी कोणी सांभाळतो. जें सहाव्या क्रमांकानें येतें त्याला कोण विचारतो? इंग्लंडनें ही उणीव ओळखली. तेथें २०२० सालापासून प्रत्येक कुत्र्याची शर्यतीसाठीं नोंद होतांना ४०० पौंडांची ठेव ठेवावी लागूं लागली. निम्मी मालकाची, निम्मी मंडळाची. कुत्रें जिंको कीं हरो, निवृत्त होऊन योग्य संस्थेकडे गेलें कीं ती रक्कम त्याच्यामागें जाते. ही जहागीर जन्मतःच लिहिलेली नसली तरी पहिल्या धांवेपूर्वीं लिहिलेली आहे, आणि तिच्यासाठीं कुठल्या वाघाची गरज नाहीं.

मकावचें उदाहरण दुसऱ्या टोंकाचें. मकाव हें गोव्याप्रमाणेंच पोर्तुगीजांच्या ताब्यांत शतकानुशतकें राहिलेलें बंदर. तेथील शर्यतमैदान २०१८ च्या जुलैंत बंद झालें. धंदा संपला, कमाई संपली, आणि मैदानाच्या कोठड्यांत ५०० हून अधिक कुत्रीं तशींच उरलीं. त्यांच्यासाठीं आधीं कोणी कांहीं बाजूला काढून ठेवलेलें नव्हतें. प्राणिमित्रांनीं मोठी खटपट करून त्यांना देशोदेशीं घरें मिळवून दिलीं. फ्लॉरिडांत २०१८ सालीं शेंकडा ६९ मतदारांनीं शर्यती बंद करण्याच्या बाजूनें मत दिलें. पण तेथें दोन वर्षांहून अधिक मुदत होती, संस्था उभ्या होत्या, त्यामुळें १९२० च्या सुमारास सुरू झालेला तो धंदा २०२० च्या अखेरीस संपतांना गोंधळ कमी झाला. न्यूझीलंडच्या सरकारनेंही डिसेंबर २०२४ मध्यें या शर्यती संपविण्याचा निर्णय जाहीर केला. ज्यांनीं वेळीं वांटा काढून ठेवला त्यांचीं कुत्रीं धंद्यामागून जगलीं.

श्रोतेहो, आपणांपैकीं कांहींजण एव्हांना मनांत म्हणत असतील कीं, जव्हार-मोखाड्याकडच्या माणसानें कुत्र्यांच्या निवृत्तिवेतनाच्या गोष्टी कराव्या हें नवलच आहे. ज्या जव्हार तालुक्यांतल्या वावर-वांगणीचीं मुलें १९९२ सालीं भुकेनें व आजारानें दगावलीं, तेथें कुत्र्याची काय कथा? हा प्रश्न मी टाळीत नाहीं. उलट, माझ्या बोलण्याचें मर्म त्यांतच आहे. जनावराच्या म्हातारपणाचा भार गांवानें, गरिबानें किंवा नुसत्या दयाळू माणसानें उचलावा असें मी म्हणत नाहीं. ज्यानें त्याच्यावर मिळविलें त्यानें तो उचलावा, आणि मिळविलें त्याच घटकेस उचलावा, असें म्हणतों. शाहूमहाराजांच्या कुत्र्याचें ऋण कुणब्यानें फेडलें, ती चाल पुन्हां नको.

आमच्याकडे कुत्र्यांच्या शर्यती नाहींत. पण ठाणें-पालघर-रायगड या पट्ट्यांत बैलगाड्यांच्या शर्यतींचें वेड आहे. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्यें त्यांस पुन्हां वाट मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला. आतां बक्षिसांत मोटारसायकली असतात, कोठें कोठें ट्रॅक्टरही असतो. ज्या बैलाचें काम ट्रॅक्टरनें काढून घेतलें त्याच बैलानें ट्रॅक्टर जिंकून आणावा हा योगायोग पाहण्यासारखा आहे. २०१५ च्या कायद्यानें राज्यांत बैल कापतां येत नाहीं. तेव्हां धांव संपलेला बैल दहा-पंधरा वर्षें कोठें तरी उभा राहणारच. त्याच्या वैरणीसाठीं बक्षिसांतून शेंकडा २ काढावे आणि प्रत्येक जोडीच्या प्रवेश-फीमधूनही थोडें काढावें, एवढा ठराव एखाद्या शर्यत-समितीनें करावा, तर त्यासाठीं दिल्लीस जाण्याचें कारण नाहीं. बैलाच्या कातड्यानें राज्य मिळविणाऱ्या मुलखाला हें शोभण्यासारखें आहे.

दिवाळीनंतर मोखाड्याकडचे पाडे रिकामे होतात. भात-नाचणी घरांत आली कीं माणसें वीटभट्ट्यांवर, भिवंडी-वसईकडे कामाला जातात, तीं होळीला परततात. कुत्रीं बहुधा मागें राहतात. अशाच एका पाड्यावर मीं एका बंद घराच्या ओट्यावर एक पिंवळें, म्हातारें कुत्रें बसलेलें पाहिलें. पावसाळाभर त्यानें माळावरच्या नाचणीची राखण केली होती. शेजारची म्हातारी त्याला भाकरीचा तुकडा टाकीत होती. मीं सहज विचारलें, तेव्हां कळलें कीं ती भाकरी तिच्या घरची नव्हती. घरधनी भट्टीवर जातांना, खळें उठलें त्याच दिवशीं, कुत्र्याच्या नांवाची पायलीभर नाचणी वेगळी काढून तिच्या कणगीजवळ ठेवून गेला होता.